गॅमा किरणांचे स्फोट आणि पुणें जिल्ह्यांतील त्यांचा वेध

घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड येथील मोकळ्या माळावर अमावास्येच्या रात्रीं आकाश निरखणाऱ्या मनुष्यास असंख्य तारे दिसतात. परंतु विश्वांतील अत्यंत प्रखर स्फोट त्याच्या माथ्यावरून निघून जातात आणि त्याला त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. हे स्फोट गॅमा किरणांचे असतात. बहुधा कांहीं क्षणांपासून कांहीं मिनिटांपर्यंत ते टिकतात, आणि पृथ्वीचें वातावरण त्यांचे किरण वरच्यावर शोषून घेतें. हें वातावरण प्राणिमात्राचें कवच खरें. पण ज्योतिषशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें तो पडदाच होय. तो ओलांडून पाहण्यासाठीं मनुष्याला उपग्रहांची वाट पाहावी लागली.

मौज अशी कीं, हा शोध ताऱ्यांविषयींच्या जिज्ञासेंतून लागला नाहीं. तो लागला राष्ट्राराष्ट्रांमधील संशयांतून. १९६३ सालच्या करारानें वातावरणांत आणि अवकाशांत अण्वस्त्रांच्या चाचण्या करण्यास मनाई झाली. कोणी चोरून चाचणी करतो कीं काय, यावर पाळत ठेवण्यासाठीं अमेरिकेनें ‘वेला’ नांवाचे उपग्रह सोडले. त्यांनीं २ जुलै १९६७ रोजीं गॅमा किरणांची एक चमक टिपली. ती अणुस्फोटाच्या चमकेसारखी नव्हती. पुढें अशा सोळा घटनांच्या वेळांतील सूक्ष्म अंतरें ताडून पाहतां, त्या पृथ्वीवरून किंवा सूर्यापासून आलेल्या नाहींत असें ठरलें, आणि १९७३ सालीं ही वार्ता जगापुढें आली.

पण चमक कळली तरी तिचें घर कळेना. साध्या भिंगानें वा आरशानें गॅमा किरण एकत्र आणतां येत नाहींत. म्हणून त्यांची दिशा अचूक ठरविणें फार अवघड. हे स्फोट आपल्याच आकाशगंगेंतले कीं तिच्या पलीकडचे, हा वाद जवळजवळ पाव शतक चालला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं इटली व हॉलंड यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहानें त्याच्या निर्णयाची वाट दाखविली. लोहाराच्या ऐरणीवरची ठिणगी क्षणांत विझते, पण लोखंड बराच वेळ लाल राहतें. त्याचप्रमाणें स्फोट सरल्यावर क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ-लहरी यांची मंदावत जाणारी उत्तरप्रभा मागें उरते. त्याच वर्षीं मे महिन्यांतील एका स्फोटाच्या उत्तरप्रभेवरून त्याचें अंतर कित्येक अब्ज प्रकाशवर्षें असल्याचें सिद्ध झालें. तें मोजणाऱ्या कॅलिफोर्नियांतील मंडळींत कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें जन्मलेले श्रीनिवास कुळकर्णी होते.

भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघाला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकांचें यंत्र चालविण्याचें आणि त्याच्या नोंदी छानण्याचें काम पुण्यांतील ‘आयुका’ या संस्थेकडे आलें. हें यंत्र एकेका ताऱ्याकडे रोखून पाहण्यासाठीं योजलेलें. पण अतिप्रखर किरण त्याच्या बाजूच्या भिंतींतूनहि आंत शिरतात. त्यामुळें, पृथ्वीआड झालेला भाग सोडल्यास, साऱ्या आकाशाची राखण त्याला आपोआप साधली. ६ ऑक्टोबरला, काम सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशीं, त्याला एक स्फोट सांपडला. २०२३ सालीं ही संख्या ६०० वर पोहोंचली.

उत्तरप्रभेचा मागोवा घेणारें साधनहि याच जिल्ह्यांत आहे. शिरूरवरून वाहणाऱ्या घोडनदीच्या खोऱ्यांत, वरच्या अंगास, जुन्नर तालुक्यांतील खोडद हें गांव लागतें. तेथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची उत्तरप्रभा डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरहि ही दुर्बीण तिचा माग काढीत राहिली.

अशा अखंड पाळतीचें मोल जानेवारी २०१७ मध्यें कळून आलें. ४ तारखेस अमेरिकेंतील ‘लायगो’ वेधशाळांनीं दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघालेल्या गुरुत्वलहरी टिपल्या. दुसऱ्या दिवशीं हवाई बेटांवरील ‘ॲटलास’ दुर्बिणीला, त्या लहरी जिकडून आल्या असाव्यात अशा टापूंत, झपाट्यानें मावळणारा एक प्रकाशबिंदु दिसला. कृष्णविवरांच्या मीलनांतून प्रकाश निघावा अशी अपेक्षा नव्हती. तो खरोखर तेथलाच असता, तर भौतिकशास्त्रांत मोठी खळबळ उडाली असती. मोह लहान नव्हता. परंतु ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासतां लहरींच्या क्षणीं कांहींच आढळलें नाहीं. उलट त्यानंतर सुमारें वीस तासांनीं झालेला एक गॅमा-किरण स्फोट हातीं लागला. प्रकाशबिंदूच्या मंदावण्याचा हिशेब मागें नेला, तो याच स्फोटाशीं जुळला. वरुण भालेराव, दीपंकर भट्टाचार्य आणि त्यांचे देशोदेशींचे सहकारी यांनीं असा निर्णय दिला कीं, तो बिंदु या स्फोटाचीच उत्तरप्रभा होय. दोन भिन्न घटना आकाशाच्या एकाच टापूंत पडल्या, एवढाच योगायोग.

नवा शोध लावणें हें शास्त्राचें भूषण खरें. पण खोटा शोध वेळींच ओळखणें हें त्याचें शील होय. त्यासाठीं लागते ती सावकाराच्या रोजकीर्दीसारखी चोख नोंद: कोणती चमक, कोणत्या दिशेला, कोणत्या क्षणीं. जानेवारीच्या त्या आठवड्यांत जगाला हवी असलेली ती एक ओळ पुण्याच्या रोजकीर्दींत लिहिलेली होती.