डोंगराळ शेतासाठी हलकी इलेक्ट्रिक मोटारसायकल : निवड आणि वाहतूक

अकोले, जव्हार, राजगड (पूर्वीचा वेल्हे) यांसारख्या तालुक्यांत गावठाणापासून शेतापर्यंतची वाट म्हणजे पाणंद, मग ओढा, मग मुरमाड चढ. नेहमीची 100 सीसीची गाडी 110 किलोच्या पुढे भरते. चढावर ती आडवी झाली की एकट्या माणसाला उचलणे जड जाते. अशा ठिकाणी 50 ते 60 किलो वजनाच्या, कच्च्या वाटेसाठी बनवलेल्या इलेक्ट्रिक मोटारसायकलींची चौकशी आता शेतकरी करू लागले आहेत. या गाड्या उपयोगी आहेत, पण सर्वांसाठी नाहीत.

आधी कायद्याचे पाहा

मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या ठरावीक इलेक्ट्रिक दुचाकींनाच नोंदणी व परवान्यातून सूट आहे. एवढ्या शक्तीची गाडी माणसासह मुरमाचा चढ चढत नाही. त्यापेक्षा जास्त शक्तीची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर नोंदणी, विमा आणि परवाना लागतो. केवळ कच्च्या वाटेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांना रस्त्यासाठीची मान्यता नसते, त्यामुळे त्यांची नोंदणीच होत नाही. अशी गाडी घरापासून शेतापर्यंत डांबरी रस्त्याने चालवत नेता येणार नाही. ट्रॉलीत घालूनच न्यावी लागेल. अपघात झाला तर विमा नाही आणि भरपाई स्वतःच्या खिशातून, हे पैसे देण्यापूर्वी समजून घ्या. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : ‘पासिंग होते का?’ उत्तर लेखी घ्या. वाट अभयारण्यातून जात असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

बॅटरी आणि मोटर

बॅटरीची क्षमता व्होल्ट गुणिले अँपिअर-तास अशी काढा. 60 व्होल्ट, 40 अँपिअर-तास म्हणजे 2,400 वॉट-तास, अर्थात 2.4 युनिट. कंपनी सांगते ते अंतर सपाट रस्त्याचे आणि कमी वेगाचे असते. तुमचा हिशोब चढाचा करा. माणूस, गाडी आणि सामान मिळून 150 किलो धरले, तर 300 मीटर उंची चढायला नुसत्या चढाईसाठी सुमारे 120 वॉट-तास लागतात. मोटर, साखळी आणि टायरमधील तूट धरली की 180 ते 200. शिवाय वाटेतला चिखल आणि दगड वेगळे. घर वर आणि शेत खाली असेल तर परतीचा चढ दिवसाच्या शेवटी, उतरलेल्या बॅटरीवर येतो. म्हणून निम्मी बॅटरी संपायच्या आत घराकडे वळा.

घर वर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्ण चार्ज बॅटरीत परत वीज भरायला जागा नसते, त्यामुळे सकाळी निघताना मोटरचा ब्रेक लागत नाही किंवा फार कमी लागतो. उतारावर पुढचे-मागचे डिस्क ब्रेकच कामाला येतात. ते चांगले असावेत.

मोटर चाकात बसवलेली असेल तर लांब चढावर ती तापते आणि दगडांचे धक्केही थेट तिलाच बसतात. आपल्या वाटांना मधे बसवलेली, साखळीने चाक फिरवणारी मोटर बरी. बॅटरीला एआयएस-156 मानकाचे प्रमाणपत्र आहे का ते विचारा आणि ती काढून घरात नेता येते का ते स्वतः काढून पाहा. काळ्या चिकण मातीत पुढचा मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर शंभर पावलांत चाक जाम होते. मडगार्ड उंच हवा.

ओझ्याबाबत स्पष्टच सांगायचे तर 45 किलोची युरियाची गोणी वाहण्यासाठी ही गाडी नाही. फवारणी पंप, विळा-खुरपे, डबा आणि एक माणूस, एवढेच. आणि तुमच्या वाटेने जुनी 100 सीसी गाडी बाराही महिने जात असेल तर हा खर्च करू नका.

ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये नेताना

सर्वात मोठा धोका म्हणजे ही गाडी चालू असली तरी आवाज करत नाही. फळीवरून ढकलताना मूठ पिळली गेली तर गाडी माणसासह उडी घेते. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी स्विच बंद करा, किल्ली खिशात ठेवा, बॅटरी काढा. बॅटरी काढल्याने वजनही कमी होते.

ट्रॉलीचा तळ 80 सेंटिमीटर उंच असेल तर फळी किमान 2.4 मीटर लांब घ्या. ओल्या लाकडावर चाक घसरते. वर आडव्या पट्ट्या ठोका. फळी फाळक्याच्या कडेला दोरीने बांधा, नाहीतर ऐन वेळी मागे सरकते.

गाडी उभीच न्यावी. पुढचे चाक ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीला टेकवा. दोन रॅचेट पट्टे हँडलखालच्या जाड क्लॅम्पला लावून पुढे-खाली ओढा, दोन मागच्या चेसिसला. हँडलच्या टोकाला पट्टा लावू नका, ते वाकते. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंतच ताण द्या. पाच-सहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा; खडबडीत रस्त्यावर ते हमखास सैल पडतात.

बॅटरी केबिनमध्ये, टोके झाकून, उन्हापासून दूर ठेवा. डिझेलचा कॅन, खते किंवा कीटकनाशकांसोबत ती नेऊ नका.

शेतावरून आल्यावर

एचटीपी पंपाचा फवारा मोटर, चाकाचे बेअरिंग किंवा वायरच्या जोडांवर मारू नका. चढावरून आल्याबरोबर चार्जिंग लावू नका. बॅटरी हाताला गार लागू द्या. चार्जिंग घरच्या जोडणीवर, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर करा. गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत कधीच नको. महिनाभर गाडी लागणार नसेल तर बॅटरी निम्मी भरून कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून वायरी पाहत जा, उंदीर कुरतडतात.