यूपीएस, इन्व्हर्टर आणि नगरची लाईट

परवा राहुरीहून धाकट्या चुलतभावाचा फोन. "दादा, आता घरूनच काम आहे. कॉम्प्युटरला यूपीएस घेऊ का इन्व्हर्टर?" उत्तर दोन ओळींचं, पण मला आमचा २००६ सालचा यूपीएस आठवला.

मोठा भाऊ तेव्हा डिप्लोमाला. घरात असेंबल्ड पीसी आणि ६०० व्हीएचा यूपीएस. दुकानदार म्हणाला होता, १५ मिनिटं आरामात. सहा महिन्यांत ती दोन मिनिटांवर आली. एके रात्री प्रोजेक्टचा सेव्ह न केलेला रिपोर्ट गेला. घरच्यांनी दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या.

आज हिशोब मांडला तर बिचारा दुकानदार निर्दोष वाटतो. त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-अवर. डबा मॉनिटर धरून पीसी खाणार दीडशे वॉट. कागदावर अर्धा तास, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा. पण बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला सहा-आठ तास सलग लाईट हवी. ती होती कुठे?

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ साली बंद पडला, मागणी मात्र वाढत गेली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, म्हणून काही वीज वाढली नाही. खेड्यापाड्यांत दिवसाला बारा-बारा तास भारनियमन. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांचे स्वतःचे जनरेटर चालवून शहर भारनियमनमुक्त करायचा प्रयोग झाला. आमच्याकडे सिंगल फेज आली: घरात दिवे लागावेत, पण शेतातले थ्री फेज पंप चालू नयेत. शेतकऱ्यांनी कॅपॅसिटर लावून पंप त्यावरही चालवले. पिकं जळत असताना दुसरं काय करणार? पण व्होल्टेज पडायचं आणि यूपीएस लाईट असूनही बॅटरीवर जायचा. अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि बॅटरी मरते. आमची तशीच मेली असणार.

म्हणून भावाला सांगितलं, आधी चार दिवस वहीत लिही: लाईट किती वेळ जाते आणि व्होल्टेज किती असतं. पाच-दहा मिनिटंच जात असेल तर यूपीएस पुरे. तासन्‌तास जात असेल तर १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर, पण मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाईट जाताक्षणी पीसी रिस्टार्ट. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. व्होल्टेज पडत असेल तर आधी स्टॅबिलायझर. राउटरला बॅकअप विसरायचा नाही.

भाऊ म्हणाला, "एवढं कशाला? लॅपटॉपच घेतो की!"

असो. तेही बरोबरच आहे. फक्त त्याला म्हटलं, कंट्रोल-एस दाबत राहा.