चहाची पेढी आणि हिशेबाचा ताळा

संगणकाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट विद्यापीठातल्या गणितज्ञांच्या खोलीकडे नेते. दुसरी युद्धखात्याकडे, तोफगोळ्यांच्या गणितांकडे आणि शत्रूच्या सांकेतिक संदेशांकडे. दोन्ही वाटा खऱ्याच आहेत. पण तिसरीही एक वाट आहे आणि ती चहाच्या दुकानातून जाते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. व्यापारी पेढीच्या नित्याच्या हिशेबाला संगणक प्रथम जुंपला, तो बँकेने नव्हे की सरकारी खात्याने नव्हे. लंडनमध्ये चहा, पाव आणि केक विकणाऱ्या जे. लायन्स आणि कंपनीने. आज पगारापासून आगगाडीच्या तिकिटापर्यंत आपला व्यवहार ज्या प्रचंड प्रोग्रॅमांवर चालतो, त्यांचे कूळ तिथले. असे प्रोग्रॅम कसे बांधावेत यावर आज पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर त्या पेढीच्या इतिहासातच अधिक स्पष्ट दिसते.

लायन्सने आपले पहिले चहागृह १८९४ साली पिकॅडिलीत उघडले. पुढे अशी दोनशेंहून अधिक दुकाने झाली. एका कपामागे सुटणारा नफा अगदी किरकोळ. कप मात्र लाखोंनी. असल्या धंद्यात मालकाला चोरापेक्षाही कागदाची धास्ती अधिक. केकचा हिशेब केकपेक्षा महाग पडू लागला, तर पेढी बुडालीच म्हणावयाची. जॉन सिमन्स हा केंब्रिजचा गणिती १९२३ साली येथे आला आणि कारकुनी कामाचा अभ्यास हेच त्याने आपले जीवितकार्य केले. हा कागद कोण वाचतो, वाचून काय करतो आणि काहीच करीत नसेल तर तो लिहावयाचा कशाला, असल्या प्रश्नांची सवय त्या कचेरीला संगणकाच्या कितीतरी आधी लागली होती.

१९४७ साली ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्पसन हे पेढीचे दोन अधिकारी कचेरीतील नव्या पद्धती पाहावयास अमेरिकेला गेले. तेथे प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइनने त्यांना सांगितले की, असे यंत्र तुमच्याच केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स बांधीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातला प्रकार! पेढीने केंब्रिजच्या कामाला ३,००० पौंड दिले, मदतीला आपला एक माणूस दिला आणि त्या बदल्यात विद्या मागून घेतली. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचे एड्सॅक यंत्र चालले. त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन या अभियंत्याने लायन्सच्या कॅड्बी हॉल या कचेरीत आपले यंत्र उभे केले. त्याचे नाव लिओ. सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, स्मरणासाठी पारा भरलेल्या नळ्या आणि एका मोठ्या दालनाएवढा पसारा. नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस भट्टीखात्यातील मालाच्या किमतीचा साप्ताहिक हिशेब या यंत्राने कायमचा अंगावर घेतला.

यंत्राची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो डेव्हिड कॅमिनर. हा १९३६ साली पेढीत शिकाऊ म्हणून लागला, महायुद्धात ट्युनिशियाच्या आघाडीवर त्याने एक पाय गमावला आणि परत येऊन लिओसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचा तो प्रमुख झाला. तो अभियंता नव्हता. कचेरीतून आलेला माणूस होता. हिशेब चुकला की चूक कोणाच्या तरी खिशात जाऊन पडते, हे त्याला यंत्र पाहण्यापूर्वीच ठाऊक होते.

पगारपत्रकाचे उदाहरण घ्या. एका माणसाचा पगार काढावयास मुरलेल्या कारकुनास आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण ते दीड सेकंद येण्यापूर्वी गेलेले महिने कोणी सांगत नाही. पगार म्हणजे दर गुणिले तास एवढेच असते, तर शाळकरी पोरानेही तो काढला असता. कर आहे, विमा आहे, रजा आहे, उचल आहे. एखादा आठवडाभर आजारी पडला आणि त्याच्या उचलीचा हप्ता पगारापेक्षा मोठा झाला, तर काय करावयाचे? कारकून अशा वेळी पेन खाली ठेवतो आणि साहेबाला विचारतो. यंत्र विचारीत नाही. म्हणून जे जे विचारावे लागेल ते सर्व आधीच विचारून ठेवणे, हेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे मुख्य काम ठरले.

कॅमिनरची शिस्त यातूनच आली. काम नियमांच्या पुस्तकात कसे लिहिले आहे ते नव्हे, प्रत्यक्षात कसे चालते ते प्रथम जाऊन पाहावयाचे. मग सारा ओघ कागदावर आकृतीने मांडावयाचा. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने ओळीओळीने तपासावयाचा, आणि त्यात कोणी मानापमान मानावयाचा नाही. १९५२ मध्ये या कामात आलेली मेरी कूम्ब्स ही व्यापारी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री मानली जाते. तिची पदवी फ्रेंच भाषेची. पण इतरांच्या प्रोग्रॅमांतील चुका हुडकण्यात तिचा हातखंडा होता. व्हॉल्व्ह केव्हा दगा देईल याचा नेम नसे, म्हणून लांब कामाचे टप्पे पाडलेले असत; मध्येच यंत्र थांबले तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा निघावयाचे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे ताळा. गुणाकार केला की पाटीच्या कोपऱ्यात ताळा करून पाहावयास आपल्या मास्तरांनी आपल्याला शिकविले, तोच हा ताळा. आत गेलेल्या रकमांची बेरीज आणि बाहेर आलेल्यांची बेरीज जुळली पाहिजे. न जुळल्यास ते यंत्रानेच ओरडून सांगितले पाहिजे. एवढे करूनही पगाराचे काम एकदम यंत्रावर सोपविले नाही. कारकून आणि यंत्र यांनी तेच काम काही काळ शेजारी शेजारी केले, उत्तरे ताडून पाहिली, आणि १९५४ साली कारकुनांची लेखणी त्या कामापुरती खाली ठेवली गेली.

चहागृहांच्या मागणीची व्यवस्थाही पाहण्याजोगी होती. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली मागणी यंत्राजवळ असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेने त्यात बदल असेल तेवढाच दूरध्वनीवरून कळवावयाचा. तिच्या माथी जादा कागद आला नाही, उलट होता तो कमी झाला. यंत्र माणसासाठी आहे असे नुसते म्हणणे वेगळे आणि अशी व्यवस्था लावणे वेगळे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये लिओ काँप्युटर्स ही वेगळी कंपनी निघाली. १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकशी जोडली गेली. १९६८ मध्ये अनेक विलीनीकरणांतून आयसीएल झाली. १९९० मध्ये आयसीएलचा मोठा हिस्सा जपानच्या फुजित्सूने घेतला. १९६८ मध्येच जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि मोठे प्रोग्रॅम वेळेत, खर्चात आणि बिनचूक होत नाहीत, हे दुखणे उघडपणे बोलले गेले.

या घराण्यातच पुढे जे घडले ते मला कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा अधिक बोलके वाटते. १९९९ पासून ब्रिटनच्या पोस्टात होरायझन नावाची हिशेबव्यवस्था बसविण्यात आली. ती बांधणारी कंपनी आयसीएलच. ज्या पोस्टखात्यात लिओची यंत्रे १९८१ पर्यंत चालली, तेच हे पोस्ट. होरायझनच्या पडद्यावर खेड्यापाड्यांतील पोस्टमास्तरांच्या नावे तूट दिसू लागली. माणसे रात्र रात्र रकमा पुन्हा मोजीत, घर गहाण टाकून तूट भरीत; तरी दुसरी तूट उभी राहत असे. आपल्या हिशेबाचा ताळा स्वतः करून पाहण्याचे साधनच त्यांच्या हाती नव्हते. यंत्र बरोबरच असणार, असे न्यायालयेही गृहीत धरीत. नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिल्याचे पुढे चौकशीत आले. अॅलन बेट्स या पोस्टमास्तराने सहकाऱ्यांसह दावा लावला. व्यवस्थेत दोष होते आणि दुरूनही खात्यांत फेरफार करता येत होते, असा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये लागला. शेवटी २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

लिओची मंडळी देवमाणसे होती आणि नंतरची दुष्ट, असे मी म्हणत नाही. होरायझनचा पसारा देशभर, लिओचा एका पेढीपुरता. तुलना सरळ नाही. पण एक फरक पसाऱ्याने झाकत नाही. लिओच्या कचेरीत संशय प्रथम यंत्रावर घेतला जाई. होरायझनच्या कारभारात तो प्रथम माणसावर घेतला गेला. पहिल्या कचेरीत ताळा न जुळणे म्हणजे तपासाची सुरुवात. दुसरीत तोच पुरावा.

आज पुण्याच्या हिंजवडीत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत आपली हजारो मुले असलेच प्रोग्रॅम लिहीत बसली आहेत; कोणाचे वेतन, कोणाची पेन्शन, कोणाचे पीककर्ज त्यांच्या ओळींतून वाहते. भाषा बदलतील, यंत्रे बदलतील. परंतु काम करणाऱ्याला जाऊन भेटा, अपवाद आधी विचारा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, जुने एकदम मोडू नका, आणि ज्याच्या नावावर आकडा पडतो त्याला तो पडताळून पाहता येईल असे करा, हे पाच नियम त्या चहावाल्यांच्या कचेरीने दिलेले आहेत किंवा तिच्या वारसांनी मोडून दाखविलेले आहेत. त्यांतला शेवटचा मला सर्वांत मोठा वाटतो. ज्या हिशेबाचा ताळा फक्त हिशेब लिहिणाऱ्यालाच करता येतो, तो हिशेब नव्हे. ती नुसती आज्ञा होय.