अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (लघुरूप: ए.ए.) ही मद्यपाशातून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींची स्वमदत संघटना आहे. बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ मध्ये ती सुरू केली. भारतात तिचे कार्य १९५७ पासून चालते.

स्वरूप
दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट आहे. वर्गणी नसते, खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगीतून भागतो. बंद सभा केवळ मद्यपींसाठी असते, तर खुल्या सभेस नातेवाईकही बसू शकतात. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना आहे.

सभेचा शोध
निनावीपणा हे संघटनेचे तत्त्व असल्याने सभासदांची नावे प्रसिद्ध केली जात नाहीत. तुळजापूरसारख्या लहान शहरात ओळखीचे कोणी भेटेल या संकोचाने अनेकजण मागे राहतात. मात्र सभासदास कोणत्याही गावच्या गटात बसता येते. त्यामुळे धाराशिव, सोलापूर येथे चौकशी करता येते किंवा ऑनलाइन सभेस उपस्थित राहता येते. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते. पुण्यातील मुक्तांगण (स्थापना १९८६) या केंद्रातर्फे उपचार घेतलेल्यांसाठी पाठपुरावा सभा भरतात.

मर्यादा
सभा हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे. दीर्घकाळ रोज मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबवल्यास झटके येणे, भ्रम होणे असे प्राणघातक परिणाम संभवतात. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.