निरामिष आमिष : खोल पाण्यातल्या बास माशाचा माग

‘आमिष’ हा शब्द आता आपण बहुधा लाक्षणिक अर्थाने वापरतो. नोकरीचे आमिष, जादा व्याजाचे आमिष. मूळ संस्कृतात मात्र आमिष म्हणजे मांस. म्हणूनच मांस न खाणाऱ्याला आपण निरामिष म्हणतो. कोकणात खाडीच्या कडेला गरवायला बसणाऱ्या माणसाच्या लेखी हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. गरीला कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ लावल्याशिवाय मासा का येईल? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ आपल्याला माहीत असतो तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा काय खातो आणि त्याला कोणत्या आमिषाने ओढावे, याचा तपशीलवार विचार त्यात केलेला आहे. माशाला पकडायचे तर त्याला खायला दिले पाहिजे, हे त्या विचारामागचे गृहीत आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे गृहीत मोडले गेले. लाकूड, पितळ, शिसे आणि पुढे प्लॅस्टिक यांच्यापासून, ज्यात खाण्याजोगा कणही नाही, असे आमिष तिथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्या आमिषाला मी या लेखात ‘निरामिष आमिष’ म्हणणार आहे. त्याचा इतिहास एका माशाशी आणि एका विशिष्ट प्रकारच्या पाण्याशी बांधलेला आहे. मासा म्हणजे लार्जमाउथ बास, आणि पाणी म्हणजे धरणामागे साठलेले खोल पाणी.

काठावरचा काळ

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्यातला मासा. रंग हिरवट, बाजूवर काळपट पट्टा, आणि जबडा असा की मिटला तरी त्याची कड डोळ्याच्या मागे जाते. हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. जेम्स हेन्शल या डॉक्टराने १८८१ मध्ये या माशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ट्राउटच्या पंक्तीला न बसणाऱ्या बासला खेळातला मासा म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली.

कृत्रिम आमिषांच्या जन्मकथा दंतकथांसारख्या आहेत. व्हरमाँटचा ज्युलिओ ब्यूल तळ्यावर होडीत बसून जेवत असता त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो तोंडात धरला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८५२ चे ब्यूलचे पेटंट खरे आहे आणि त्या आमिषाला आजही ‘स्पून’ म्हणजे चमचाच म्हणतात. दुसरी कथा मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावची. जेम्स हेडन हा मूळचा मधमाश्या पाळणारा. त्या धंद्यातही त्याचे नाव होते. तळ्याकाठी बसून त्याने चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा सहज पाण्यात भिरकावला, आणि एका बासने उसळी मारून तो उडवला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या कुटुंबाचा कारखाना उभा राहिला आणि ‘प्लग’ नावाची रंगीत लाकडी आमिषे देशभर जाऊ लागली.

या दोन्ही कथांत मासा दिसतो आहे. तो काठाजवळ, उथळ पाण्यात आहे आणि त्याची झडप डोळ्यांना दिसते. पहिल्या पिढीतली आमिषे प्रामुख्याने अशाच पाण्यासाठी होती. दुकानात गिऱ्हाईक डोळ्यांनी निवड करी, म्हणून रंगांची चैन वाढली.

बुडालेली खोरी

मग धरणे आली. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या काळात टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन झाली. क्लिंच नदीवरचे नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी तीन हजारांच्या घरात कुटुंबे हलवली गेली, पाच हजारांहून अधिक थडगी उकरून दुसरीकडे नेली गेली आणि लॉयस्टन हे गाव पाण्याखाली गेले. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने १९३३ मध्ये त्या कुटुंबांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. हे प्रकरण आपल्याला परके नाही. टेनेसीच्या धर्तीवर १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. त्याची पायाभरणी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या देखरेखीखाली झाली होती. आणि उजनीचे पाणी ओसरले की वर येणारे पळसदेवचे देऊळ कुणी पाहिले असेल, त्याला बुडालेले खोरे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

धरणाच्या जलाशयाचा तळ तळ्यासारखा गुळगुळीत नसतो. खाली जुन्या नदीचे पात्र असते, त्याची दरड असते. रस्ते, पूल, कुंपणे, घरांची जोती, तोडलेल्या झाडांचे बुंधे असतात. बास मासे या पाण्यात वाढले, आणि जलाशय जुना होऊ लागला तसे काठावर गरवणाऱ्यांना मिळेनासे झाले. मासे संपले, अशी ओरड झाली. टेनेसीच्या जीवशास्त्रज्ञांचे निष्कर्ष मात्र उलट होते. गळाला लागणारे मासे एकूण साठ्याचा लहानसा भाग असतात, असे त्यांना आढळले. त्या आधारावर नॉरिसच्या जलाशयात १९४४ पासून बाराही महिने मासेमारीला परवानगी मिळाली. मासे संपलेले नव्हते. ते माणसाच्या नजरेच्या आणि आमिषाच्या पलीकडे होते.

बक पेरीचा तळ

या पलीकडच्या भागात शिरण्याचे श्रेय प्रामुख्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावच्या एल्वुड ऊर्फ बक पेरी (१९१५–२००५) यांना जाते. ते पदार्थविज्ञानाचे शिक्षक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बासचे घर खोल पाण्यात आहे, उथळ पाण्यात तो थोडा वेळ येतो आणि तेही ठराविक वाटांनी. त्या वाटा म्हणजे तळाचे चढउतार, दरड, टेकाड, जुन्या पात्राचे वळण. या रचनेला त्यांनी ‘स्ट्रक्चर’ म्हटले आणि हा शब्द मासेमारीच्या भाषेत कायमचा रुळला.

त्यासाठी त्यांनी १९४६ च्या सुमारास ‘स्पूनप्लग’ बाजारात आणला. दिसायला पितळी पत्र्याचा वाकवलेला, बेढब तुकडा. चमचा आणि प्लग यांच्या मधला. बोटीच्या मागे तो ओढत न्यायचा. लहानमोठ्या आकारांचा संच असा की प्रत्येक आकार आपापल्या खोलीवर चालतो, आणि वेगाने ओढला तरी उलटत नाही. सर्वांत उथळ चालणाऱ्यापासून सुरुवात करायची, तो तळाला ठेचाळला की पुढचा लावायचा. आमिष मऊ चिखलात रुतले, खडकावर खडखडले, बुंध्याला अडकून सुटले, हे सगळे काठीतून हाताला कळते. पेरी यांच्या शिकवणीत खोली पहिली आणि वेग दुसरा. रंग, आकार, हालचाल हे सारे त्यानंतर. १९५७ मध्ये शिकागोजवळच्या लेक मेरी या ‘मासे संपलेल्या’ तळ्यात त्यांनी पकडलेल्या माशांची वार्ता वृत्तपत्रांतून गाजली, तेव्हा लोक त्या बेढब पत्र्याकडे गंभीरपणे पाहू लागले.

मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते. सोमेश्वराचे आमिष माशाच्या जिभेसाठी होते, हेडनचे डोळ्यासाठी. पेरी यांचे आमिष आधी माणसाच्या हातासाठी होते. ते न दिसणारा तळ चाचपण्याचे साधन होते. मासा लागणे ही त्यानंतरची गोष्ट.

निवडीचे तर्कशास्त्र

खोल पाण्यातले आमिष कसे निवडतात, हे या वळणानंतर बदलले. रंगाचेच घ्या. १९३७ मध्ये इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी बासच्या रंगज्ञानावर प्रयोग केले. लाल रंग त्याला उत्तम ओळखता येतो असे आढळले. पण स्वच्छ पाण्यात लाल प्रकाशच सर्वांत आधी शोषला जातो. म्हणजे माशाला जो रंग नीट कळतो तोच खोलवर काळपट होऊन जातो. तिथे रंगापेक्षा आमिषाची आकृती आणि त्याचे पाण्यातले कंपन अधिक बोलते. मासा ते कंपन अंगावरच्या संवेदी रेषेने टिपतो.

खोली गाठण्याचे मार्ग दोन. पहिला, बुडी मारणाऱ्या प्लगचा. त्याच्या तोंडाशी रुंद जीभ असते. ओढले की पाणी त्या जिभेवर दाबते आणि आमिष खाली जाते; तंगुसाला होणारा पाण्याचा विरोध त्याला वर खेचतो. दोन्ही बळे जिथे सारखी होतात ती त्याची खोली. म्हणून तंगूस बारीक असेल तर तेच आमिष अधिक खोल जाते, आणि फेक लांब असेल तर तळाशी अधिक वेळ राहते. यातली बरीच आमिषे तरंगणारी असतात. बुंध्याला अडकले की ओढणे थांबवायचे, ते आपोआप मागे सरकत वर येते. दुसरा मार्ग वजनाचा. शिशाच्या डोक्याचा ‘जिग’ किंवा जड धातूचा चमचा होडीखाली सरळ सोडायचा आणि उचलून पुन्हा पडू द्यायचा. हिवाळ्यात बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांशी मासे सुस्त असतात, तेव्हा हा उपाय चालतो. मासा बहुतेकदा आमिष पडत असतानाच घेतो. तंगूस जरासा ढिला पडणे, एवढीच त्याची खूण.

या दोहोंच्या मधे प्लॅस्टिकचे गांडूळ आले. ओहायोतल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम या कारागिराने १९४९ मध्ये ते घरच्या घरी ओतून काढले. ‘कॅरोलायना’ जोडणीत वजन पुढे तळावरून घसटत जाते आणि दोन-तीन फूट मागे ते गांडूळ हलके तरंगत राहते. वजन तळ वाचते, गांडूळ माशाशी बोलते. एकाच तंगुसावर दोन कामांची ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

खोलीलाही तळाआधी एक मर्यादा असते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते आणि मधे तापमान झपाट्याने उतरणारा थर तयार होतो. त्याखाली अनेक जलाशयांत प्राणवायू संपत जातो. साठ फूट पाणी असले तरी मासा वीस-पंचवीस फुटांवरच्या उंचवट्याशी असू शकतो. सर्वांत खोल जाणारे आमिष हे म्हणूनच सर्वांत योग्य आमिष नव्हे.

१९५९ मध्ये कार्ल लोरन्स यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारे छोटे सोनार विक्रीस आणले आणि तळ चाचपण्याचे काम यंत्राकडे गेले. धरणाआधीचे जुने नकाशे गरवणाऱ्यांनी पुन्हा उघडले. ज्या रस्त्याने विस्थापितांचे सामान बाहेर गेले, तो रस्ता आता बासची वाट म्हणून शोधला जाऊ लागला. २०१८ नंतरच्या सोनारात तर मासा आमिषाकडे वळताना पडद्यावर दिसतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनाच त्यावर मर्यादा आणण्याची वेळ आली आहे.

दाबाचा हिशेब

रे स्कॉट या विमा एजंटाने १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ जणांची बास स्पर्धा भरवली. बीव्हर लेक हाही धरणाचाच जलाशय. १९७२ पासून स्कॉटने पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याचा आग्रह धरला आणि ती रीत पुढे देशभर पसरली. आता गळाला मांस नव्हते आणि ताटातही नव्हते. मासेमारी दोन्ही टोकांनी निरामिष झाली, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

खोल पाण्याने तो समज टिकू दिला नाही. बासच्या वाताशयाला घशाकडे उघडणारी नळी नसते. त्यातला वायू रक्तावाटे हळूहळूच कमीजास्त होतो. ३३ फुटांवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला मासा झपाट्याने वर ओढला की त्या पिशवीतला वायू दुप्पट जागा मागतो. सोडून दिलेला मासा खाली जाऊ शकत नाही, कुशीवर तरंगत राहतो आणि उन्हात किंवा पक्ष्यांच्या चोचीखाली मरतो. काही जण पोकळ सुईने तो वायू काढतात. ते सफाईने केले तर मासा वाचतो, चुकले तर आतडे फाटते. काही जण खोलवर मासे सापडले की जागा सोडून उथळ पाण्याकडे वळतात. तीस फुटांवरचा मासा आपल्याला पकडता येतो, हे माहीत असून ते आमिष टाकत नाहीत.

मला या दुसऱ्या लोकांचे वागणे पेरी यांच्या शिकवणीचा खरा पुढचा टप्पा वाटते. त्यांनी खोलीला पहिले स्थान दिले ते मासा कुठे आहे हे कळावे म्हणून. तोच आकडा आता मासा कुठे असू द्यावा हेही सांगतो. गळाला मांस नाही आणि ताटात मासा नाही, एवढ्यावरून कुणाचे काही गेले नाही असे ठरत नाही. त्या पाण्यासाठी आधीच खोरे गेले होते, घरे गेली होती. निदान तिथल्या माशाच्या बाबतीत तरी हिशेब होडीतल्या माणसाच्या हाती आहे, आणि तो आमिष पाण्यात पडण्यापूर्वीच करावा लागतो.