मान्यता

आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पावत्यांचा एक गठ्ठा होता, सुतळीनं घट्ट बांधलेला. लाल बावट्याच्या युनियनला वर्गणी दिल्याच्या पावत्या. कायद्याच्या लेखी त्या कागदांना काडीची किंमत नव्हती. आबांना ते पुरतं ठाऊक होतं, तरी ते वर्गणी भरत राहिले. का, हे मला त्यांच्या हयातीत विचारायला सुचलं नाही.

पाटण तालुक्यातून येऊन आबा साचेखात्यात लागले ते बदली म्हणून. पाळीचा भोंगा व्हायच्या आधी गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. ज्याचा रोज दुसऱ्याच्या खाड्यावर अवलंबून, तो गेटवर तोंड उघडताना दहादा विचार करतो. हा धाक फार जुना. आधी माणूस लावणं-काढणं जॉबरच्या हाती होतं. मग ते नियमांच्या हाती गेलं.

नियम कसे आले, ते तारखा जुळवल्या की दिसतं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. पुढच्याच मार्चमध्ये संपाचे पुढारी डांगे, मिरजकर, निंबकर यांना मीरत कटाच्या खटल्यात उचललं. एप्रिलमध्ये औद्योगिक तंट्यांचा कायदा दिल्लीत मंजूर झाला. भगतसिंगांनी असेंब्लीत बॉम्ब टाकला तो त्याच दिवशी. १९३४ च्या संपानंतर सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३८ साली काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळानं आणखी एक कायदा आणला; आता राज्य आपल्याच माणसांचं होतं. कामगारांनी त्याला काळा कायदा म्हटलं. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, आणि त्यासाठी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, असं बाबासाहेबांनी कायदेमंडळात बजावलं होतं. कायदा तरीही झाला.

खरी गाठ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मारली. एका भागातल्या एका उद्योगात प्रतिनिधी युनियन एकच. बाकीच्यांनी सभा घ्याव्यात, झेंडे लावावेत, पावत्या फाडाव्यात; मालकासमोर बसायचं ते प्रतिनिधी युनियननंच, आणि तिनं केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक. गुप्त मतदान नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारानं कुठल्या रस्त्यानं भांडायचं, हे भांडण सुरू होण्याआधीच ठरलेलं असायचं.

म्हणून १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली, तेव्हा माणसं मालकांच्या दारी न जाता घाटकोपरला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा आणि हा कायदा रद्द करा, अशा मागण्या होत्या. माझं मत असं, की पैशांवर कुठेतरी तोडगा निघाला असता. अडलं ते मान्यतेवर. डॉक्टरांना इथे मान्यता दिली, तर उद्या गोदीत आणि सरकारी कारखान्यांतही कामगार तेच मागतील, ही दिल्लीची भीती होती.

आमच्या खोलीत आईची खानावळ चाले. जेवणारे एकेक करून गावी गेले. आईच्या उधारीच्या वहीत नावं तशीच राहिली, पुढचे रकाने कोरे. ऑगस्टपर्यंत चुलीवर आमच्यापुरतंच शिजायचं.

१८ ऑगस्टला सकाळी बीडीडी चाळींच्या बाजूनं गलका ऐकू आला. मी तेरा वर्षांची होते. वरळी-नायगावच्या त्या वस्त्यांत पोलिसांची बिऱ्हाडंही होती, आणि पोलिसांतली कितीतरी पोरं आमच्यासारखीच घाटावरची, कोकणातली. सात महिने त्यांनी गिरण्यांच्या गेटवर बंदोबस्त केला होता. त्या दिवशी तेच रस्त्यावर उतरले होते, आणि गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले. सरकारनं पोलिसांच्या संघटनेचे पुढारी पकडले होते. दुपारपर्यंत सीमा सुरक्षा दलाचे जवान आले. आबा संध्याकाळी घरी आले, सदऱ्याची बाही फाटलेली. आईनं काय झालं म्हणून विचारलं.

"पोलिसांच्या युनियनची मान्यता काढली," एवढंच बोलून ते मोरीत हातपाय धुवायला गेले.