रँडच्या खुनानंतरची दोन वर्षे



२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मराठी माणूस इंदूरचा असो, बडोद्याचा असो की तंजावरचा, ही हकीकत त्याला नव्याने सांगावी लागत नाही. म्हणून आज मी त्या रात्रीबद्दल थोडेच बोलणार आहे आणि नंतरच्या दोन वर्षांबद्दल जास्त. हल्ला झाल्यावर सरकार पुष्कळ काही करते. त्यातल्या कशामुळे गुन्हेगार सापडला आणि कशाचा गुन्ह्याशी संबंधच नव्हता, एवढेच आपण तपासणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लेगची साथ खरी होती, माणसे मरत होती आणि सरकारने काहीतरी करणे भागच होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली खास समिती नेमली गेली. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, लोकांचे सामानसुमान बाहेर काढून जाळले आणि बायकांच्या अब्रूची पर्वा केली नाही.

मी फौजेत अनेक वर्षे काढली, त्यामुळे इथे एक गोष्ट सांगतो. घराची झडती हे सैनिकाचे सर्वांत अवघड काम आहे. मुलकी प्रशासनाच्या मदतीला जाताना आम्हाला काही तत्त्वे शिकवली जातात : गरज असेल तरच बळ वापरायचे, कमीत कमी वापरायचे, कोणाची बाजू घ्यायची नाही आणि हेतू स्वच्छ ठेवायचा. झडतीला गावातला जाणता माणूस बरोबर घ्यायचा, बायकांची तपासणी बाईमाणसाकडूनच व्हायची आणि पकडलेला माणूस लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशस्त्र दलांच्या विशेष अधिकार कायद्याच्या खटल्यात अशा सूचना बंधनकारक ठरवल्या. पुण्यात १८९७ साली यातले जवळपास काहीच पाळले गेले नाही. रोग हटवायला पाठवलेले सैनिक शत्रूचा मुलूख ताब्यात घ्यावा तसे वागले.

आता खुनानंतरचे पाहू. आयर्स्ट जागीच गेला आणि रँड ३ जुलैला मरण पावला. तपास ब्रुईन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे होता. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले, द्रविड बंधूंकडून माहिती मिळाली आणि दामोदर चाफेकर पकडले गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांचा कबुलीजबाब नोंदवला गेला, खटला चालला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला त्यांना फाशी झाली. दामोदरपंत आपल्याला हुतात्मे आहेत, पण तपास म्हणून पाहिले तर यात नेहमीच्या पोलीसकामाबाहेरचे काही नव्हते. खबर, बक्षीस, अटक, जबाब आणि खटला, बस्स.

याच काळात सरकारने आणखी तीन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवरच लादला. खून कोणी केला ते ठाऊक नव्हते, म्हणून दंड गावाला.

दुसरी म्हणजे टिळकांना जुलैअखेर अटक केली. आरोप राजद्रोहाचा, कलम १२४ अ चा, आणि त्यासाठी आधार घेतला तो केसरीच्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुराचा. तो मजकूर खुनाच्या आठवडाभर आधीचा, शिवाजी उत्सवासंबंधीचा होता. खुनाच्या कटाशी त्यांचा संबंध सरकारने कोर्टात मांडला नाही. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ फार व्यापक करून सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले आणि सप्टेंबरमध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे दामोदरपंतांचा कबुलीजबाब कागदावर येण्यापूर्वीच टिळक शिक्षा भोगू लागले होते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या दोन भावांना सरकारने उचलले आणि त्यांच्या मिळकतीवर जप्ती आणली. आधार होता मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनचा. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी केलेला नियम सत्तर वर्षांनी बाहेर काढला. त्यात आरोपपत्र लागत नव्हते आणि खटलाही लागत नव्हता. दामोदरपंतांना फाशी झाल्यानंतरही नातू बंधू अटकेतच राहिले. ते सुटले १८९९ मध्ये.

मंडळी, या तिन्ही उपायांपैकी एकानेही मारेकरी सापडला नाही. पण खुनाचा तपास संपला तरी त्यांचे परिणाम संपले नाहीत. १८९८ मध्ये कलम १२४ अ दुरुस्त करून स्ट्रेचींचा व्यापक अर्थ कायद्यात पक्का केला गेला आणि १५३ अ हे नवे कलम आले. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवणारा खटला याच कलमांखाली चालला. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली तीही १२४ अ खालीच. नातूंसारखीच बिनखटल्याची अटक १९०७ मध्ये पंजाबात लाला लजपतराय आणि अजितसिंग यांच्या वाट्याला आली. तिथे बंगालचे १८१८ चे रेग्युलेशन कामी आले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाची सुरुवातच मुंबई इलाख्याच्या प्रकरणाने होते आणि त्यात चाफेकर आहेत. त्या अहवालातून रौलट कायदा निघाला. त्याच्याविरुद्धच्या असंतोषात अमृतसर पेटले आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग घडली.

१२४ अ स्वतंत्र भारतातही टिकले. सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित केले मे २०२२ मध्ये. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण तिच्या १५२ व्या कलमात त्याच जातीचा गुन्हा वेगळ्या शब्दांत आहेच.

कोणी म्हणेल, ते परकीय सरकार होते, आपले तसे नाही. म्हणून आपल्याच काळातले उदाहरण घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला. चाफेकरांची आणि त्या हल्लेखोरांची तुलना मी करत नाही. तसे करणे हा चाफेकरांचा अपमान होईल. मी पाहतो आहे ते हल्ल्यानंतर राज्य कसे वागले एवढेच.

तुकाराम ओंबळे यांनी स्वतः गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडू दिले. अनेकांना वाटत होते, त्याला लगेच लटकवा. मलाही राग होता. अंगावर वर्दी चढवलेल्या कोणाला नव्हता? पण आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले, सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, आरोपीला वकील दिला गेला. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली जाऊन ऑगस्ट २०१२ मध्ये कायम झाली आणि नोव्हेंबरमध्ये अमलात आली. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी मात्र तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले, कारण त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही. देशाचा संताप शिगेला असतानाही न्यायाधीशांनी प्रत्येकाचा पुरावा वेगळा तोलला. याला मी देशाची ताकद म्हणतो.

याच हल्ल्यानंतर महिनाभरात राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली, ती गरजेची होती. त्याच डिसेंबरात यूएपीए कायदाही कडक झाला : आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते आणि जामीन फार कठीण झाला. ‘टाडा’ला मुदत होती, म्हणून १९९५ मध्ये तो संपला. या तरतुदींना तशी मुदत नाही.

सुरक्षितता ही चैन नाही. बाजारात बाँब फुटतो तेव्हा मरणाऱ्याचे सगळे हक्क एका क्षणात संपतात, हे मी कोणापेक्षाही कमी जाणत नाही. कडक कायदा कधीच नको, असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी हल्ल्यानंतर नवा कायदा आला की आपण दोन गोष्टी जरूर विचारू या. हा कायदा आधी असता तर हे हल्लेखोर सापडले असते का? आणि तो कोणत्या तारखेला संपणार आहे?

टिळकांवर कोणता आरोप होता, कोणी काय साक्ष दिली, नऊ ज्यूररांपैकी किती जण त्यांच्या बाजूने होते, हे आपण आज सव्वाशे वर्षांनी सांगू शकतो, कारण खटला झाला. तो अन्यायाचा होता, तरी त्याचा कागद राहिला. कसाबबद्दल जगात कोणी शंका काढली तर दाखवायला आपल्याकडेही कागद आहे. नातू बंधूंवर नेमका आरोप काय होता हे मात्र दाखवता येत नाही, कारण तो कधी कोर्टापुढे ठेवलाच गेला नाही.